निळ्याची जागा मधली

शनिवारी दहाला, कॅर्डलाच्या वाचनालयात,
बाहेर उणे अकरा आणि टेबलावर
राखाडी केबलचं वेटोळं.
शिकणारे तिघे. चौथ्याची गाडी सुरू झाली नसणार.

मी हेल्वे. बत्तीस वर्षं
या बेटाच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते.
आता घरातल्या घरात तार कशी ओढायची ते शिकवते.
तारच का, विचारतो एंडेल,
जन्म फेरीबोटीच्या इंजिनाशेजारी गेल्याने जरा ओरडूनच.
अरे, तुझ्या घराच्या मधोमध चुनखडीची भट्टी आहे ना,
वायफाय तिच्यापाशी येतं
आणि शेकत बसतं. पुढे जात नाही.

तर, वरचं साल सोला, अंगठ्याच्या पेराएवढं.
आत आठ तारा, चार जोड्या, एकमेकींना पिळलेल्या.
पीळ लागेल तेवढाच सोडा.
त्या पिळामुळेच शेजारच्या जोडीची कुजबुज
हिच्या कानात शिरत नाही.
सुंभ जळतो, पीळ जात नाही, तो हट्ट इथे कामाचा.

खिट्टी खाली. डावीकडून.
पांढरा-नारिंगी, नारिंगी,
पांढरा-हिरवा,
निळा, पांढरा-निळा,
मग हिरवा,
पांढरा-तपकिरी, तपकिरी.

एंडेलने जोडीला जोडी लावली. हिरव्याशेजारी हिरवा.
दोन्ही टोकांना सारखीच चूक, आणि टेस्टरचे
आठही दिवे ओळीने लागले.
झालं, म्हणाला.
मी एक मोठी फाइल पाठवली.
ती दारूच्या दुकानातून घरी निघाल्यासारखी निघाली,
दर पावलाला थांबत.
दिवे लागले म्हणजे तार तुटलेली नाही, इतकंच.
बोलणं पोचतं का, ते दिवा सांगत नाही.

पण हिरव्याची जोडी फोडायची कशाला?
हे विचारलं वाइकेने, आणि सगळे वळून बघायला लागले,
कारण वाइके बोलत नाही. नावाचा अर्थच शांत.
थोरली बहीण साल्मे खाली राहते, ही वर;
अकरा वर्षं दोघींत शब्द नाही,
इंटरनेटचं बिल तेवढं निम्मं-निम्मं,
पाकिटात, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर.

मी म्हटलं, मधल्या दोन जागा
जुन्या टेलिफोनच्या. आवाज तिथून जायचा.
नवीन लोक आले, त्यांनी बाकी सगळं आपलं बसवलं,
पण मधली जागा राहू दिली.
हिरवा दोन्हीकडून हात लांब करून
निळ्याला वाट देतो.
मला हे सांगताना खोकला आला.
वाइकेने आठ रंग टिपून घेतले, मोज्याच्या नक्षीच्या वहीत.

पक्कड दाबली की कट् असा आवाज व्हायला हवा.
नाही झाला, तर टोक कापा, पुन्हा करा.
टोकं स्वस्त आहेत.

पुढल्या मंगळवारी मीच गेले तिच्याकडे ड्रिल घेऊन.
वरच्या जमिनीतून खालच्या छताला भोक,
जुन्या पाइपाच्या कडेने.
केबल खाली सोडली. कुणीतरी ती खालून ओढून घेतली.
हात दिसला नाही.
स्विचवर हिरवा दिवा, मग शेजारचा.
वाइकेला पिंग शिकवलं:
हे फक्त हाक मारणं. आहेस का, विचारायचं,
पलीकडचं यंत्र म्हणतं, आहे.
चार वेळा विचारलं. चार वेळा आहे.

यादीत खालचा प्रिंटर दिसत होता.
तिने खूप वेळ बोटं कळांवर धरली,
मग एक ओळ लिहिली आणि छापायला पाठवली.
खाली घरघर झाली, कागद सरकला.
मला दाखवलं नसतं, पण पडद्यावर राहिलंच होतं:
साल्मे, रेडिओ हळू लाव.

आम्ही दोघी जमिनीकडे बघत बसलो.
रेडिओ चालूच होता, हवामान सांगत होता,
उत्तरेकडून वारा, बोटी उशिरा.
मी पक्कड, टेस्टर, उरलेली टोकं गोळा केली.
बूट चढवत होते तेव्हा
तो थोडासा,
अगदी एका घराएवढा,
हळू झाला.